पाच तोंडांचा बोर्ड आणि तडा गेलेलं अंडं

मित्रांनो, मला पाच तोंडं आहेत, तरी आजवर मी अवाक्षर काढलं नाही. मी एका शाळेचा जुना एक्स्टेंशन बोर्ड. आज मात्र राहवत नाही, म्हणून बोलतो.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. प्रयोगशाळेतल्या काकांनी मोडक्या टेबलाच्या खणाची पेटी केली, तिच्यावर पाच सॉकेट बसवली, एक लाल दिवा लावला आणि लांबलचक काळी वायर जोडली. दिवा लागला तसे काका स्वतःशीच म्हणाले, "जमलं बुवा!" माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक. पुढे भाषणांचा माइक असो की नाटकाचे दिवे, "बोर्ड कुठाय?" अशी हाक आली की मी ऐटीत निघत असे.

मग विज्ञानाच्या नव्या बाई आल्या. चणीने लहान, पण एकदा मनात घेतलं की मागे हटायच्या नाहीत. तोवर विज्ञान प्रदर्शन म्हणजे वरच्या वर्गांतल्या दहा-बारा हुशार मुलांचं काम. बाई मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "सर, यंदा अख्ख्या शाळेचं प्रदर्शन करू या. पहिलीपासून दहावीपर्यंत."

सरांनी चष्मा काढला. "पहिलीची पोरं काय दाखवणार, बाई?"

"पाण्यावर काय तरंगतं आणि काय बुडतं. प्रश्न पडायला दहावीपर्यंत थांबावं लागत नाही, सर."

"बरं, करा. पण गोंधळ झाला तर तुम्हीच निस्तरायचा," सर हसून म्हणाले.

पुढचा महिनाभर बाईंना दम खायला फुरसत नव्हती. हॉलच्या फरशीवर खडूने चौकोन आखून त्यांनी टेबलांच्या जागा ठरवल्या. पहिलीच्या पाण्याच्या बादल्या विजेपासून लांब, दारापाशी. वर्गावर्गांत चिठ्ठ्या गेल्या, 'तुमच्या प्रयोगाला वीज लागते का?' सगळ्यांनी 'हो' लिहिलं. लोहचुंबकवाल्यांनीसुद्धा!

"अरे, चुंबकाला वीज कशाला?" बाईंनी कपाळाला हात लावला.

"बाई, सगळ्यांना मिळणार, मग आम्हालाच का नको?"

हॉलच्या भिंतीला एकच सॉकेट होतं, म्हणून शेवटी माझी पाच तोंडं पाच प्रयोगांना वाटून दिली. त्यांत चौथीची अंडी उबवायची पेटी होती. एका खोक्यात बल्ब, थर्मामीटर आणि सहा अंडी. एकवीस दिवस मुलांनी पाळ्या लावून तापमान लिहिलं होतं, सुट्टीच्या दिवशीही. प्रदर्शनाच्या सकाळी पेटी हॉलमध्ये आणून ठेवली आणि थोड्याच वेळात एका अंड्याला बारीक तडा गेला. चौथीचा वर्ग पेटीभोवती दाटीने बसला.

पाहुणे यायला अर्धा तास उरला असताना सातवीच्या मुलांनी घाई केली. वाफेचं इंजिन लवकर चालावं म्हणून त्यांनी घरून आणलेला हीटर कुणाला न विचारता मला जोडला. मी तापलो. माझं मधलं तोंड काळं पडलं, जळका वास सुटला आणि हॉलचे दिवे एकदम गेले.

"बाई, पिल्लू गारठेल ना?" चौथीतली एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली. ती इतके प्रश्न विचारायची की सगळे तिला 'चौकशी'च म्हणत.

"पेटी वर्गात परत नेऊ या," कुणीतरी सुचवलं.

"नको. अंडं फुटायला लागलंय, आता धक्का लावायचा नाही," बाई म्हणाल्या.

काकांनी धावपळ करून फ्यूज बदलला. हॉलचे दिवे लागले. मग माझा प्लग भिंतीतून काढून, झाकण उघडून त्यांनी जळकं सॉकेट मोकळं केलं आणि मान हलवली. "आतून भाजलाय बिचारा. आता याच्यावर एकच बल्ब चालेल. जास्त काही लावलंत तर पुन्हा बोंब."

दहावीच्या मुलींची क्रेन माझ्याच एका तोंडावर चालायची. त्यांची पुढारीण, उंच वेणीवाली ताई, म्हणाली, "बाई, आम्ही दोन महिने खपलोय."

"ठाऊक आहे गं," बाई म्हणाल्या. "म्हणून मी काही सांगणार नाही. तुम्हीच ठरवा."

ताईने पेटीत डोकावून पाहिलं. थर्मामीटरचा पारा उतरत होता. ती वाकली आणि तिने स्वतःच्या हाताने क्रेनचा प्लग काढला. "चला गं, मोटर सोडवा. दोरी हातानेच ओढू." मग बाकीचे प्लगही निघाले. सातवीच्या मुलांनी खाली मान घालून आपले स्वेटर काढले आणि पेटीच्या बाहेरून गुंडाळले. काकांनी मला पुन्हा भिंतीला जोडलं आणि बल्ब लागला. पारा हळूहळू वर चढला.

पाहुणे आले. हाताने ओढायची क्रेन बघून आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांचे हात शिवशिवले. तिथे मोठी रांग लागली, नि ताई घसा बसेपर्यंत समजावत राहिली. तेवढ्यात चौकशी किंचाळली, "आलं!" मुख्याध्यापक गर्दीत घुसले. "अरे सरका, मलाही दिसू द्या!" पिल्लू ओलं, मळकं आणि झोपमोड झाल्यासारखं रागावलेलं होतं. तरी अख्ख्या शाळेला ते देखणं वाटलं.

पुढे भिंतींवर नवी सॉकेट आली. काका निवृत्त झाले. मी कपाटावर धूळ खात पडलो. कुणी माझी वायर हिसडली, कुणी मला दाराला अडसर म्हणून लावलं. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

यंदाच्या प्रदर्शनात मात्र सहावीच्या एका मुलीने मला मागून घेतलं. झाकण काढून, एकेका भागाला नावाची चिठ्ठी लावून तिने मला टेबलावर मांडलं. पहिलीतली एक चिमुरडी जळक्या सॉकेटकडे बघून म्हणाली, "याला काय झालं?"

"याच्यावर झेपेल त्यापेक्षा जास्त भार टाकला होता."

"कुणी?"

"आपणच."

चिमुरडीने थोडा विचार केला, माझ्या लाकडावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "मी नाही हं टाकणार."

मित्रांनो, माझं मागणंही तेवढंच. प्लग काढताना वायर हिसडू नका. एकाच बोर्डावर सगळं लादू नका. आणि वीज थोडी असेल, तर ती आधी कुणाला हवी आहे ते डोकावून बघा.