पियाल्यांची पारख

सकाळचे ऊन आमच्या कारखान्याच्या अंगणात सरळ येत नाही. आधी ते भिंतीपलीकडच्या तुतीच्या शेंड्यावर थांबते, मग पानापानांनी खाली उतरते आणि पाटाच्या वाहत्या पाण्यावर पडून ओसरीच्या लाकडी छताला जाऊन चिकटते. तिथे बराच वेळ ते नुसते थरथरत राहते. त्या थरथरत्या उजेडाखाली मी उपडे मांडलेले चहाचे पियाले पाहत बसलो होतो. भट्टी आदल्या दिवशी उघडली होती. निळ्या झिलईवर अजून राखेची पूड होती आणि ऊन एकेका बुडाच्या कडेपाशी येऊन, घटकाभर रेंगाळून, पुढच्याकडे सरकत होते. आमच्या या कुंभारांच्या गावात, रिश्तानमध्ये, हे ऊन कुणी मुद्दाम पाहत नाही. मी पाहतो, उजेड पाहायला डोळे पुरतात.

खांद्यावर हात पडला तसा मी दचकलो. कुंभारकामातले माझे गुरू, उस्ता इसोमिद्दिन होते. वडील गेल्यापासून उस्तांच्या या कारखान्यात मी काम करतो.

"चार हाका मारल्या. असतोस कुठं तू?"

"इथंच आहे, उस्ता."

"इथं असतास तर ओ दिली असतीस. सबोहत दुपारी पियाले न्यायला येतेय. चारशे आहेत. एक जरी चिरलेला गेला ना, तर मी मेलोच असं समजून ती भर मांडवात माझ्या नावानं फातिहा पढेल."

ते हसत चाकाकडे गेले. सबोहत खालाच्या भाचीचे, मोहिराचे, रविवारी लग्न होते. केसाएवढी चीर झिलईखाली दिसत नाही. पण गरम चहा तिच्यातून पाझरतो आणि पाहुण्यापुढे अंथरलेल्या जेवणाच्या कापडावर, दस्तरखानावर, ओला डाग उमटतो. लग्नात असा डाग म्हणजे अपशकुन. म्हणून प्रत्येक पियाला वाजवून पाहायचा. धड असेल तो किणकिणतो. चिरलेला नुसता ठक्क म्हणतो. पारख करणाऱ्याची ही जागा माझ्या वडिलांची होती. त्यांच्या बैठकीवर बसूनच मी वाजवतो.

लहानपणापासून माझे कान वाहायचे. आई मेंढीच्या शेपटीची चरबी कोमट करून कापसाने घालायची. कान सुकायचे, पुन्हा वाहायचे. गेल्या दोन हिवाळ्यांत गावातली माणसे हळू बोलू लागली, असे मी स्वतःला समजावले. मी कमी बोलू लागलो, जास्त हसू लागलो. शेजारणी आपल्या मुलांना सांगू लागल्या, नोदिर बघा, किती लाजाळू, किती सालस. मला ते बरे वाटे. लाजाळूपणाला कुणी औषध सुचवत नाही.

वसंतात, आईला न सांगता, मी दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी पोलादाचा एक दुशाखी चिमटा टेबलावर आपटून कानाजवळ धरला. तो थरथरताना दिसत होता. बाकी काही नव्हते. मग त्यांनी त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला, आणि सारी कवटी नादाने भरून गेली.

"दोन्ही पडद्यांना भोकं आहेत," त्या कागदावर लिहून झाल्यावर माझ्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या. "आतला कान शाबूत आहे, नशीब समज. शहरात जाऊन ऑपरेशन करून घे. तोवर कानाला यंत्र लाव. आणि ती चरबी-बिरबी बंद."

कागद मी टोपीच्या अस्तरात शिवून टाकला. तिथून शिकून आणली ती एकच गोष्ट, नाद हाडातूनही येतो. ओसरीवर कुणी नसले की मी पियाल्याची कड पुढच्या दातांना टेकवू लागलो आणि नखाने वाजवू लागलो. नाद जबड्यातून वर यायचा, लहानपणी यायचा तसा स्वच्छ. तेव्हापासून माझ्या हातून एकही चिरलेला पियाला गेला नाही.

त्या दिवशी तीनशेच्या पुढे गेलो होतो. डोळे मिटले की नाद जास्त उमटतो, म्हणून डोळे मिटले होते. उघडले तेव्हा समोर सबोहत खाला उभी होती, दुपारची वेळ व्हायच्या आत. तिच्या मागे टोपल्या घेतलेल्या दोन बायका. खाला माझ्या हातातल्या पियाल्याकडे पाहत होती. मग ती वळली आणि तरातरा उस्तांकडे गेली.

तिचा आवाज अंगणभर पोचतो, मलाही पोचला.

"डोळे मिटून, उस्ता. एकेकाचा मुका घेत होता. दारातून सलाम केला, अगदी पुढ्यात येऊन उभी राहिले, पण याची समाधी मोडेना. आमच्या मोहिराचे पियाले आहेत ते."

"सबोहत, बस. आधी चहा घे."

"कशातून, त्या उष्ट्यातून?" ती माझ्याकडे वळली. "शाळेत मोहिरा तुझ्या पुढच्याच बाकावर होती ना रे?"

"होती, खाला."

"बघा. बोलत नाही, चालत नाही, मान खाली. मी म्हणायचे, गुणी पोरगा. संथ पाणी खोल असतं ते असं."

टोपलीवाल्या बायकांपैकी एक केव्हाच गल्लीत पसार झाली होती. थोड्या वेळाने आई आली, मनगटापर्यंत कणीक लागलेली.

"माझा नोदिर पोरींकडे मान वर करून बघत नाही, आपा. उभ्या गल्लीला विचारा."

"गल्लीला विचारायला नको, गल्लीच आता मार्गिलानला, मुलाच्या गावी, सांगेल. मुलाकडचे काय म्हणतील? एवढा झुरतोय म्हणजे पोरीनंही काही हसून पाहिलं असेल. वरात दारातून परत गेली तर तुम्ही येणार आहात का तिचे डोळे पुसायला?"

उस्ता माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांचे तोंड इतके जवळ होते की शब्द दिसत होते.

"पोरा, मन बसलं असेल तर तो गुन्हा नाही. पण खरं सांग. मी जाऊन मुलाकडच्यांना समजावीन, पोरीचा काही संबंध नाही म्हणून."

मान हलवून हो म्हणणे सोपे होते. आमच्याकडे प्रेमात हरलेल्या माणसाला लोक ऊन ऊन नान देतात, त्याच्यावर गाणी रचतात. त्याच्या वडिलांची बैठक कुणी काढून घेत नाही. मी मान हलवणारच होतो, इतक्यात फाटकात मोहिरा दिसली. घरातल्याच चपला, डोक्यावरचा रुमाल सुटलेला. ती सरळ ओसरीपर्यंत आली. शाळा सुटल्यापासून पाच वर्षांत आम्ही एकमेकांशी सलामापलीकडे बोललो नव्हतो.

तिने मला काहीतरी विचारले. फार हळू. ओठ हलले आणि थांबले.

मी तिच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधू लागलो, दोन वर्षे सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून बांधत आलो तसा. ती रागावली होती की घाबरली होती, हेही मला ठरवता येईना. आईने झग्याला हात पुसायचे थांबवले होते. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी तिला हो म्हणायचे की नाही म्हणायचे, ते कळेना, आणि त्या एका शब्दावर तिचा रविवार टांगला होता.

"उत्तर दे तिला," उस्ता म्हणाले.

मी हातातला पियाला खाली ठेवला.

"मोहिरा, तू काय विचारलंस ते मला कळलं नाही," मी म्हणालो. "पियाले मी दातांना लावतो, कारण हाडातून कळतं. मला कानांनी ऐकू येत नाही."