गच्चीवरचं वीजघर

कोळशाच्या वीजघराला सूर्य जोडायचा, हे खूळ जितेंद्रच्या डोक्यात बरीच वर्षं होतं. आरशांनी ऊन एकवटायचं, त्यावर पाणी तापवायचं आणि तेच बॉयलरला द्यायचं, म्हणजे कोळसा कमी लागतो. एवढी साधी गोष्ट कंपनीत कुणाच्या गळी उतरत नव्हती. आपण ती फार हुशारीने सांगतो म्हणून असं होतं, असं त्याचं स्वतःबद्दलचं नम्र मत होतं.

आता मृणालिनी मॅडम, त्याच्या साहेब, स्वतः नमुना बघायला तो राहायचा त्या पूनम सागर सोसायटीच्या गच्चीवर येणार होत्या. पटलं तर योजना पुढे, नाही तर फाइल कायमची बंद. गच्चीवर आरसे मांडले होते, तांब्याची नळी होती, बॉयलर म्हणून गॅसवर प्रेशर कुकर होता आणि वाफेवर फिरणारं पत्र्याचं चाक. बरंचसं काम ऊन करणार, उरलंसुरलं कोळशाच्या जागी ठेवलेला बारीक गॅस. गॅसपाशी त्याने बायकोला, उर्मिलाला, बसवलं होतं.

मॅडम सकाळी यायच्या, त्या घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकून दुपार कलल्यावर आल्या. जितेंद्रने उन्हाचा कोन अगदी अंशापर्यंत काढला होता. समोरच्या टॉवरवर महिन्याभरात चार मजले चढलेत, हे मात्र त्या गणितात नव्हतं. चाकाकडे पाठ करून तो सूर्याचं गुणगान गात असताना टॉवरची सावली सगळ्या आरशांवर पसरली. आता त्यांत फक्त त्याचं पडलेलं तोंड दिसत होतं.

त्याने भीतभीत मागे पाहिलं. चाक गरगर फिरत होतं. उर्मिलाने गॅस मोठा केला होता.

गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण खोटं बोलणंही त्याला कधी धड जमलं नव्हतं.

"सॉरी मॅडम. हे निव्वळ गॅसवर चाललंय. सूर्य काहीच करत नाहीये."

"दिसतंय ना," मॅडम म्हणाल्या. "प्लान्टवाल्यांना तीच भीती होती, ढग आला की वीज बंद. तुमच्या एकाही प्रेझेंटेशनमध्ये त्याचं उत्तर नव्हतं. आज मिळालं. मी सही करतेय."

जितेंद्रला आनंदाने रडू येईलसं वाटलं आणि लाजही वाटली. ज्या सूर्याची त्याने इतकी वर्षं वकिली केली, तो ऐन वेळी गैरहजर राहिला, म्हणून खटला जिंकला होता.

मॅडम उर्मिलाकडे वळल्या. "वहिनी, सावली आली तसा लगेच गॅस वाढवलात?"

"सावली नंतर आली हो," उर्मिला म्हणाली. "हे बोलायला लागले तेव्हाच वाढवला. यांचं भाषण सुरू झालं की बाकीचं मलाच बघावं लागतं."