तारेपलीकडची खुरपी

मित्रांनो, शेतात तण काढताना कुणाच्या हातात तुम्ही मला पाहिलं असेल, तर निराळी ओळख सांगायला नको. मी खुरपी. वीतभर वाकडं पातं आणि बाभळीची मूठ, एवढाच माझा देह. परभणीकडच्या एका बाजारगावात विजय नावाच्या लोहाराने मोडक्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा तापवून मला घडवलं. जन्मताच हातोड्याखाली आले म्हणून असेल, पण गोडगोड बोलणं मला जमत नाही. माझी कहाणी थोडी कडवट लागली तर रागावू नका.

मला विकत घेतलं शैलाच्या आईने. भुईमुगातली हरळी मुळासकट उपटायची, हे माझं पहिलं काम. पुढे शैला नर्स झाली, तिचं लग्न झालं आणि दोघा नवराबायकोला कुवेतमधल्या जहरा गावी नोकऱ्या लागल्या. तिची बॅग भरताना आईने मला जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून तळाशी ठेवलं.

"आई, तिकडं नुसतं वाळवंट हाय," शैला हसली.

"असू दे. मेथीपुरती तरी माती असंलच की," आई म्हणाली.

तेवढी माती खरंच मिळाली. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यांत शैलाने मेथी पेरली. तिचा नवरा जगन्नाथ दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करायचा. पाहुणे आले की तो मला उचलून दाखवायचा, "ही आमच्या सासूबाईंची खुरपी. विमानातून आलेली." माझ्या वाट्याला आलेलं सगळं कौतुक त्या काळातलं. मग एका उन्हाळ्यात मेथी डब्यातच करपली आणि मला सिंकखालच्या खोक्यात टाकलं गेलं. तिथे मी कित्येक वर्षं फिनेलचा वास घेत पडून होते. आई वारल्याचा फोन आला त्या दिवशी शैलाने मला बाहेर काढलं, पदराने पुसलं आणि पुन्हा तिथेच ठेवलं.

माझे दिवस पालटले ते फग्यामुळे. फगा म्हणजे वाळूखाली वाढणारी, बटाट्यासारखी दिसणारी एक अळंबी. हिवाळ्यात चांगला पाऊस झाला की वसंतात ती जमिनीला तडा देऊन वर येते. शैलाच्या वॉर्डात काम करणाऱ्या यूसुफने तिला पिशवीभर फगा दिला, तिने कांदा-खोबऱ्याच्या वाटणात त्याची भाजी केली आणि जगन्नाथने रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत पुसून खाल्ला. तेव्हापासून दर वसंतात, दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी, दोघं गाडी काढून मुतलाच्या टेकड्या ओलांडून पार उत्तरेला जाऊ लागली. सोबत भाकरी, चहाचा थर्मास, चटई आणि मी.

वसंत म्हटलं की तुम्हाला फुलं आठवतील. तिथेही अर्फजच्या झुडपांवर पिवळी फुलं येतात. पण ती भूमी मला कधी प्रेमळ वाटली नाही. वरून मऊ दिसणारी वाळू आत दगडासारखी कठीण. एकेका खेपेत माझी धार बोथट व्हायची. वारा तर थोबाडीत मारल्यासारखा यायचा. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी तिथून एक युद्ध गेलं होतं. त्यातली गंजकी काडतुसं आणि तारांची भेंडोळी पावसानंतर अजून वर येत. ती जमीन काही विसरलेली नव्हती.

आणि माझी माणसं? घरी एकाची दिवसपाळी तर दुसऱ्याची रात्रपाळी. त्यामुळे आठवडाभराची भांडणं शुक्रवारसाठी राखून ठेवलेली असत. चटई कुठे टाकायची यावरून सुरुवात व्हायची आणि गाडी घरी पोचेपर्यंत ती पुरायची. तरी पुढच्या शुक्रवारी दोघं पुन्हा निघत. एकमेकांशी बोलायला त्यांच्याकडे दुसरी जागाच नव्हती.

त्या मार्चमधल्या शुक्रवारी फगा भरपूर होता. शैला मला तड्यात अलगद घालत होती. येत्या उन्हाळ्यात दोघांनी कायमचं गावी परतायचं ठरवलं होतं. ती खुशीत होती.

"सोमवारी मी राजीनामा दिला," ती म्हणाली. "तुम्ही कधी देणार?"

जगन्नाथ गुडघ्यावर बसून वाळू चाळत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "मी दोन वर्षं वाढवून घेतलीत."

माझ्या मुठीवरचं शैलाचं बोट न् बोट आवळलं.

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे माझं नाही तुम्हाला ठाऊक होतं, तरी केलंत! आई गेली तेव्हा सुट्टी मिळाली नाही. तिचं तोंड पाहिलं नाही मी. अजून कशाकशाला मुकू?"

"झालं सुरू! आईचं घर, आईचं शेत, आईची खुरपी!" जगन्नाथ ताडकन उठला. त्याने मला तिच्या हातातून हिसकावलं आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून भिरकावलं.

हवेत गरगर फिरत मी वाळूत पडलेल्या एका काटेरी तारेवरून पलीकडे गेले आणि लांब जाऊन पडले. माझं पातं रुतलं, मूठ वर राहिली.

शैला रडली नाही, ओरडलीही नाही. ती नुसती त्याच्याकडे पाहत राहिली. ते जगन्नाथला सहन झालं नसावं. "आणतो, आणतो," असं पुटपुटत तो तार ओलांडून माझ्याकडे चालू लागला. माझ्यापासून दहाएक पावलांवर त्याच्या बुटाची ठोकर एका पत्र्याला लागली. त्याने तो उलटवला. त्यावर लाल रंगात कवटी होती.

जगन्नाथ जागच्या जागी थिजला. मला त्याचा चेहरा समोरून दिसत होता. तोंडाला रक्ताचा टिपूस नव्हता.

"शैला," तो म्हणाला. "इथं सुरुंग आहेत."

तिने आधी तातडीच्या मदतीसाठी फोन लावला. पलीकडून सांगितलं, जराही हलू नका, माणसं येतायत, पण वेळ लागेल. तिने ते त्याला ओरडून सांगितलं आणि मग पश्चिमेकडे पाहिलं. तिथे तपकिरी भिंत उभी राहत होती. धुळीचं वादळ. इथले लोक त्याला तोझ म्हणतात. त्याचा पहिला वारा येऊन पोचलाही होता आणि जगन्नाथच्या पावलांचे ठसे काठाकाठाने बुजायला लागले होते. ज्या वाटेने तो सुखरूप आत आला, ती वाट तेवढ्या ठशांपुरतीच होती.

"अहो, वळा. आपल्याच ठशांवर पाय ठेवत या."

"नाही जमायचं."

"जमतंय. हळूच वळा."

"पाय उचलेनात गं..." तो लहान मुलासारखा बोलत होता. गुडघे लटलट कापत होते. अजून थोडा वेळ गेला असता तर तो तिथेच बसला असता, आणि त्याच्या शेजारच्या वाळूत काय होतं ते कुणाला ठाऊक!

मित्रांनो, शैलाने त्या क्षणी जे केलं ते मला आधी क्रूर वाटलं.

"जगन्नाथ!" ती कडाडली. इतक्या वर्षांत तिने त्याला नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती. "भेकड हायेस तू! बायकोच्या पाठीमागं दोन वर्षं लिहून देताना नाही कापले पाय?"

त्याने मान वळवली. "काय म्हणालीस?"

"भेकड! माझ्या आईच्या मयताला चल म्हटलं तर साहेबापुढं तोंड उघडलं नाहीस. उघडलंस का? इकडं तोंड कर आन् सांग!"

"तोंड सांभाळून बोल!" तो वळला. एक पाऊल ठशावर पडलं.

"नाही सांभाळत! काय करायलास मला? ये की इकडं!"

"मी तुझ्यासाठी..." दुसरं पाऊल. "हे घर, हा फ्लॅट, सगळं कुणासाठी केलं?"

"तुझ्यासाठी! खाली बघ. खाली बघून बोल! पाहुण्यांत मिरवायला केलंस!"

तो संतापाने लाल झाला होता. शिव्या देत होता, पण पाय बरोबर ठशावर पडत होते. ती त्याला एका क्षणाचीही उसंत देत नव्हती. भीतीला त्याच्या मनात शिरायला जागाच ठेवत नव्हती. शेवटचे ठसे जवळजवळ पुसले गेले होते. तिथे तो थबकला तसा तिचा आवाज फाटला, "थांबलास कशाला? डावा पाय, त्या वाकड्या काडीजवळ! मी बघितलं होतं जाताना. टाक!"

त्याने टाकला. मग तार ओलांडली. तिने त्याला मिठी मारली नाही. दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर धडाधड मारलं आणि तिथेच वाळूत बसून ती ओकली.

सैनिकांची गाडी आली तेव्हा धूळ डोक्यावर होती. हमजा नावाच्या सैनिकाने दोघांना मोडक्या हिंदीत चांगलंच झापलं. "इधर घूमने का जगा नहीं! मरने को आया?" मग त्याने तारेपलीकडे पाहिलं. "अंदर और कुछ है? कोई सामान?"

शैलाने माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं.

"नहीं," ती म्हणाली. "कुछ नहीं है."

मित्रांनो, तोझने मला झाकलं त्या रात्री मी फार चिडले होते. जिच्या आईने मला फडक्यात बांधून दिलं, तिने मला ओळख दाखवली नाही! पण वाळूखाली विचाराला सवड पुष्कळ मिळते. ती हो म्हणाली असती, तर मला आणायला कुणीतरी तारेपलीकडे पाय टाकला असता.

पुढच्या वसंतात वाऱ्याने माझी मूठ पुन्हा उघडी पडली. आता तिथे नवी उंच तार आहे आणि फलकही उभे आहेत. एका शुक्रवारी जगन्नाथ आला, एकटाच. तारेपासून लांब उभा राहून तो फोनवर बोलत होता. "लांबच आहे गं... हो, मूठ दिसते... नाही म्हणतो ना, आत जात नाही! तू तिकडं गावी भुईमुगाचं बघ, मला शिकवू नकोस." बराच वेळ तो भांडत राहिला. मग ऐकता ऐकता त्याने बाहीने डोळे पुसले. मावळतीला निघून गेला.

मी इथेच गंजत आहे. माझ्या जातीच्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला सांभाळा, तेलपाणी करा, अडगळीत टाकू नका. तेही करा. पण माझं मागणं निराळं आहे. रागाच्या भरात हातातली वस्तू फेकू नका. आणि फेकलीच, तर तिच्यामागे पाय टाकण्याआधी एकदा खाली बघा. मी लोखंडाची आहे, माझ्यासारखी दुसरी कुठलाही लोहार करून देईल. मला न्यायला येऊ नका.