उलटा फिरलेला पट्टा

खडीच्या कारखान्यात जोडाऱ्याच्या हाताला मोल होतं. फाटलेला रबरी पट्टा तो असा जोडायचा, की जोड कुठे आहे ते शोधायला वरून बोट फिरवावं लागे. दगड फोडणाऱ्या यंत्रापासून उंच टाकीपर्यंत खडी वाहून नेणारे पाच पट्टे तिथे होते आणि पाचही त्याच्या जिवावर चालत. एक गोष्ट मात्र या पठ्ठ्याला नऊ वर्षांत धड जोडता आली नव्हती आणि तोडताही आली नव्हती. ती म्हणजे धाकट्या बहिणीचा संसार.

त्या दिवशी सकाळी सहालाच धाकटी दारात उभी राहिली. उजवा डोळा पुरता मिटलेला, कानातून ओघळलेलं रक्त मानेवर सुकलेलं, आणि श्वास घेताना ती हाताने बरगडी दाबून धरत होती. जोडाऱ्याची बायको काही न विचारता पाणी तापवायला आत गेली. विचारायचं काय? या घरात ही चौथी खेप होती.

"काय झालं?" तरी जोडाऱ्याने विचारलंच.

"शर्टाचं बटण तुटलं होतं. मला दिसलं नाही." धाकटी भिंतीला टेकून खाली बसली. "केस धरून उंबऱ्यावर आपटलं. मग लाथा. पण आधी कामाचे बूट घातले, दादा. बसून नाड्या बांधल्या. मी पडल्या पडल्या बघत होते."

त्या बुटांच्या पुढे पोलादी टोपी असते. पायावर दगड पडला तर बोटं वाचावीत म्हणून कारखाना ते फुकट देतो.

मागच्या तिन्ही वेळा जोडाऱ्याने बहिणीची समजूत घालून तिला परत नेऊन सोडलं होतं. एकदा तर मेहुण्यापुढे हात जोडून उभा राहिला होता. करणार काय? एक तर घरचा जावई, त्यात कारखान्यात त्याच पाळीचा मुकादम. त्याच्या सहीशिवाय जोडाऱ्याला कोठारातून साधा चाकूही मिळत नसे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. निदान जोडारी स्वतःला तसं सांगत आला होता. भित्र्या माणसाला म्हणींचा फार आधार असतो.

"या वेळी मी जाणार नाही," धाकटी म्हणाली. "पुढच्या खेपेला मी चालत येणार नाही, तुम्ही मला उचलून आणाल."

"मी बघतो."

"तू दरवेळी बघतोस."

ती हे रागाने बोलली नाही, म्हणून त्याला जास्त झोंबलं. डबा न घेताच तो घराबाहेर पडला.

कपडे बदलायच्या खोलीत मुकादम बाकावर बसून बिस्किट खात होता. अंगात स्वच्छ शर्ट, बटणं सगळी जागच्या जागी. "या मेहुणे," तो म्हणाला. "पाहुणी पोचली वाटतं."

नऊ वर्षं जोडाऱ्याने या माणसाला 'तुम्ही' म्हटलं होतं. त्या सकाळी तो थेट त्याच्या अंगावर गेला. त्याने मुकादमाची मान धरली आणि त्याचं तोंड लोखंडी कपाटाच्या दारावर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. पत्र्यात खळगा पडला. बिस्किटाचा चुरा आणि रक्त एकत्र होऊन मुकादमाच्या हनुवटीवरून गळायला लागलं. तो खाली पडला तसा जोडारी त्याच्या छातीवर बसला आणि पट्टे ओढून ओढून दगडासारख्या झालेल्या मुठीने त्याला कुटायला लागला. नाकाचं हाड मोडल्याचं त्याला मुठीत कळलं, आणि खोटं कशाला बोला, बरं वाटलं. चौघांनी मिळून त्याला मागे ओढलं तेव्हा त्याच्या हातात मुकादमाच्या केसांचा पुंजका होता.

मुकादम सावकाश उठला. हिरडीतून लोंबणारा दात त्याने दोन बोटांनी काढला, बघितला आणि कोपऱ्यात फेकला.

"संध्याकाळी पाळी सुटली की येतो," तो म्हणाला. "बायको माझी आहे. घेऊन जाईन. आणि आज तू मला जेवढे मारलेस ना, तेवढे मोजून तिला परत देईन. तुझी बहीण, तुझा हिशोब."

सगळ्यांत म्हातारा होता तो ग्रीसवाला. पट्ट्यांच्या चाकांना वंगण देण्यात त्याचा जन्म गेला होता. तो जोडाऱ्याचा दंड धरून बाहेर आणत पुटपुटला, "हात दाखवून अवलक्षण केलंस, बाबा. आता संध्याकाळची सोय बघ."

हेच जोडाऱ्याच्या डोक्यात दुपारपर्यंत घोळत राहिलं. बहिणीला कुठे लपवायचं? माहेर म्हणजे आपलंच घर, आणि मुकादमाला ते ठाऊक. पोलिसांत दोनदा जाऊन झालं होतं. दोन्ही वेळा त्यांनी मुकादमाला चहा पाजून घरी पाठवलं. संध्याकाळ काही टळत नव्हती.

दुपारी दोनच्या सुमाराला तीन नंबरचा पट्टा किंचाळला आणि थांबला. हा पाचांतला सगळ्यांत चढणीचा. खाली जमिनीशी पट्टा वळवणारा पात्यापात्यांचा ड्रम, वर टाकीच्या तोंडाशी दुसरा, आणि मधल्या सव्वाशे मीटर चढावर दहा-बारा टन खडी भरलेली. खालच्या ड्रममध्ये दगड अडकला होता. पट्ट्याच्या आतल्या बाजूने एखादा धोंडा घरंगळत यायचा आणि ड्रम आणि चौकट यांच्यामध्ये पाचरीसारखा बसायचा. महिन्यातून एकदा हे ठरलेलं. मुकादमाने जोडाऱ्याला वर पाठवलं, "वरचा ड्रम बघून ये," आणि स्वतः खाली दगड काढायला निघाला. नाकावर पट्टी होती. पण दुसऱ्या कोणावर काम सोपवणं त्याच्या रक्तात नव्हतं, तेवढं कबूल करायला हवं.

दगड काढायची या कारखान्याची एक रीत होती आणि तिचा सगळ्यांना मोठा अभिमान होता. पट्ट्यात शिरणाऱ्याने आधी विजेच्या खटक्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. ज्याचं कुलूप त्याची किल्ली. खुद्द मालक आला तरी ते कुलूप काढू शकत नसे. या कुलपाने आजवर कितीतरी जीव वाचवले होते, आणि म्हणूनच एक खोड सगळ्यांना लागली होती. कुलूप लागलं की पट्टा मेला, असं ते धरून चालायचे. वीज बंद झाली तरी वजन बंद होत नाही, हे कोणाच्या ध्यानातच येत नसे.

चढणीचा भरलेला पट्टा मागे फिरू नये म्हणून वरच्या ड्रमला एक अडसर असतो. ड्रमला पुढे फिरू देतो, मागे नाही. जोडारी जिना चढून वर पोचला आणि त्याने बघितलं, तर अडसराचा दांडा मुळापासून तुटून लोंबत होता. तुटलेल्या जागेवर लोखंड ताजं चमकत होतं. मघाच्या हिसक्यानेच तो तुटला असणार.

तो तिथेच उभा राहिला. वीज बंद. अडसर तुटलेला. मग एवढी खडी अंगावर घेऊन पट्टा उभा कशाने? आणि त्याला कळलं. चढावर भरलेल्या हातगाडीच्या चाकाखाली दगड लावावा, तसा तो खालचा धोंडाच पट्ट्याला धरून होता. आणि मुकादम तोच काढायला गेला होता.

अशा वेळी काय करायचं हे जोडाऱ्याला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. पट्ट्याला दोन ठिकाणी लोखंडी पकडी आवळायच्या, त्या साखळीने चौकटीला बांधायच्या, आणि मगच दगडाला हात लावायचा. वरून ओरडलं असतं तरी खाली ऐकू गेलं असतं.

तो ओरडला नाही. जिना उतरला, आणि धावतही उतरला नाही.

खाली ग्रीसवाला कुलपाशेजारी राखणीला बसला होता. मुकादम पट्ट्याखाली पालथा पडला होता आणि त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. तेच बूट. एका बुटाच्या टोपीवर तपकिरी डाग वाळला होता. जोडारी त्या डागाकडे बघत उभा राहिला.

"कोण, मेहुणे का?" आतून आवाज आला. "वर ठीक आहे ना सगळं?"

जोडाऱ्याने बुटावरून नजर हलवली नाही.

"राग धरून बसलात वाटतं. बरं, ती पहार द्या इकडे."

पहार त्याच्या पायाशीच पडली होती. त्याने ती उचलली आणि आत सरकवली. मुकादमाने ती दगडाखाली घातली, दोनदा हिसका दिला, तिसऱ्यांदा दिला. धोंडा कुरकुरला.

"सैल झाला. आता हातानेच येतो बघा." पहार खणखणत बाहेर आली. वरच्या पट्ट्याच्या पोटाखालून दोन्ही हात घालून मुकादमाने धोंड्याला मिठी मारली. "आणि तिला निरोप द्या, पिशवी भरून ठेव म्हणावं. मला दारात ताटकळायला आवडत नाही."

अजूनही वेळ होता. 'थांब' एवढा एकच शब्द. जोडाऱ्याने ओठ घट्ट मिटले.

धोंडा निघाला आणि पट्टा सुटला.

आधी वरची चाकं एकामागून एक खडखडली आणि मग बारा टन खडी उलटी खाली धावली. ड्रमने मुकादमाचे दोन्ही हात कोपरापर्यंत आत घेतले, मग कोपराच्या वर. हाडं मोडल्याचा आवाज खडीच्या आवाजातही वेगळा ऐकू आला. मुकादम जे ओरडला त्यात शब्द नव्हता. खडी त्याच्या पाठीवर, पायांवर कोसळत होती आणि खांदा ड्रमकडे ओढला जात होता. आणखी वीतभर, की डोकं.

मग जोडाऱ्याने जे केलं ते ठरवून केलं नाही. तेवीस वर्षं पट्ट्याशी झुंजलेले हात डोक्याला विचारायला थांबले नाहीत. त्याने पहार उचलली आणि ड्रमच्या पात्यांमध्ये भोसकली. पहार वाकली, उलटून त्याच्या छातीवर बसली, गळ्याचं हाड मोडलं, तरी त्याने ती सोडली नाही. पहार चौकटीत अडकली आणि ड्रम थांबला.

"पकडी आणा!" तो ओरडला. आता आवाज फुटला होता. "वरून आवळा! साखळी बांधा!"

पकडी आवळायला दहा मिनिटं लागली. तेवढा वेळ मुकादम शुद्धीत होता. मग जोडाऱ्याने एका हाताने, आपल्याच चाकूने, आपणच जोडलेला पट्टा कापला आणि त्याला बाहेर काढलं. त्याचे दोन्ही हात डॉक्टरांनी त्याच रात्री कोपराच्या वरून काढून टाकले.

कारखान्यात जोडाऱ्याचं नाव झालं. सकाळी ज्याला रक्तबंबाळ केलं त्यालाच दुपारी मरणाच्या दाढेतून ओढलं, असं ग्रीसवाला येईल-जाईल त्याला रंगवून सांगायचा. चौकशीला आलेल्या साहेबाने जोडाऱ्याची पाठ थोपटली. अडसर तुटलेला कधी दिसला, हे त्याने विचारलं नाही आणि जोडाऱ्याने सांगितलं नाही.

आणि धाकटी नवऱ्याकडे परत गेली. ओढून न्यायला कोणी आलं नव्हतं. उलट सगळेच येऊन सांगून गेले. सासू तिकडे गावाला अंथरुणाला खिळलेली, मग आता त्याचं करणार कोण? हात गेलेल्या नवऱ्याला टाकलंस तर लोक काय म्हणतील? बरगड्या नीट जुळायच्या आत ती त्याला भरवायला, धुवायला, पुसायला उभी राहिली. मुकादमाचे हात गेले होते, पण पाय शाबूत होते. पहिल्या महिन्यात त्याने तिला दोनदा लाथ मारली. एकदा चहा गरम होता म्हणून आणि एकदा गार होता म्हणून.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी जोडारी तिच्या घरी गेला. धाकटी स्वयंपाकघरात मऊ भात कालवत होती. हनुवटीवर ताजी खोक होती. ती बघितली आणि जोडाऱ्याला राहवलं नाही. उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगून टाकलं. वरचा तुटका दांडा, न मारलेली हाक, स्वतःच्या हाताने दिलेली पहार. सांगताना तो रडला. आपण बहिणीसाठी केवढं पाप केलं हे तिला कळावं, अशीही थोडी इच्छा त्या रडण्यात होती.

धाकटीचा हात थांबला.

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"होतं."

"तू हाक मारली असतीस, तर मी पळून गेले असते. कुठेही. धडधाकट माणसाला सोडून गेलेल्या बाईला लोक चार दिवस नावं ठेवतात आणि विसरतात." ती हळू बोलत होती, आत ऐकू जाऊ नये म्हणून. "आणि ओढलं नसतंस, तर सुटलेच असते. दादा, तू मारलंही नाहीस आणि वाचवलंही नाहीस. अर्धं काम केलंस आणि उरलेलं माझ्या पदरात टाकलंस."

"मी बघतो काहीतरी," जोडारी म्हणाला. शब्द तोंडातून गेल्यावर त्याने जीभ चावली.

धाकटीने हात धुतले, पुसले. खुंटीवरची पिशवी काढून त्यात दोन कपडे कोंबले आणि पायात चपला सरकवल्या. मग भाताचं ताट उचलून तिने त्याच्या हातात ठेवलं.

"तीन वेळचं लागतं. भात जास्त गरम नको. संडासला सकाळी सातला न्यावं लागतं. लाथ डाव्या पायाने मारतो, त्या बाजूला बसू नकोस."

"अगं, कुठे चाललीस?"

"ते तुला सांगितलं तर तू मला परत आणून सोडशील."

दार लागलं. जिन्यावरून तिची पावलं उतरत गेली, आणि ती घाईत नव्हती.

"कोण आहे?" आतून मुकादमाची हाक आली. "भूक लागली आहे. किती वेळ?"

जोडारी ताट घेऊन आत गेला. मुकादम उशीला टेकून बसला होता, बाह्या दोन्ही बाजूंना गाठ मारलेल्या. मेहुण्याला बघून त्याचा चेहरा उजळला.

"दादा, तुम्ही?" नऊ वर्षांत त्याने पहिल्यांदाच दादा म्हटलं. डोळे भरून आले होते त्याचे. "तुम्ही होतात म्हणून मी आज आहे."

जोडारी त्याच्या उजव्या बाजूला बसला आणि त्याने घास उचलला. मुकादमाने तोंड उघडलं.