रस्त्याकडे तोंड केलेल्या चपला

विद्यानगरमधल्या त्या घरासमोर टेम्पो थांबला आणि दोघांनी माणसाएवढा फ्रिज खाली उतरवला. मानसी दारात आडवी उभी राहिली.

"परत न्या."

"बाजी, किशोर साब भेजे. अम्मा के वास्ते."

"मालूम है. साब को बोलो, नक्को."

वडील गेल्यापासून तीन महिन्यांतला हा तिसरा टेम्पो. आधी रंगीत टीव्ही आला, मग कपडे धुण्याचं यंत्र. बाजार नुकताच खुला झाला होता, दुकानं नव्या वस्तूंनी भरली होती, आणि मानसीचा भाऊ किशोर याला नव्या कंपनीत भरघोस पगार होता. सिकंदराबादहून घरी यायला मात्र सवड नव्हती. नातेवाईक म्हणत, "मुलगा असावा तर असा!"

आणि आई, पद्मावतीबाई? रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मारुतीला जाणारी ही बाई तीन महिन्यांत उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. जेवण दोन घासांवर आलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "रोग काही नाही. पण अशाच बसून राहिल्या तर चालणं कायमचं सुटेल."

टेम्पोवाल्याने बूथवरून फोन केला. तासाभरात किशोर स्कूटरवरून आला.

"काय तमाशा लावलायस, मानसी? दुकानदारापुढे अब्रू गेली माझी!"

"अब्रू वाचवायला बरा वेळ मिळाला. आईला बघायला मिळत नव्हता."

"मी करतोय ते दिसत नाही तुला? बाबांनी तरी काय दिलं तिला? पार्सल ऑफिसातला कारकून माणूस!"

मानसीचा हात शिवशिवला. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला.

"काय दिलं ते मी सांगते. बैस."

किशोर बसला.

"माझे गुडघे धरले, तेव्हापासून पायरीवर वळून चपला घालणं जमेना. मी बाहेरून आले की ते माझ्या चपला फिरवून ठेवायचे, तोंड रस्त्याकडे. नुसता पाय सरकवायचा नि निघायचं. अकरा वर्षं! एकदा बोलून दाखवलं नाही. त्यांना दवाखान्यातून आणलं, त्या दिवशी काढलेल्या चपला अजून तशाच आहेत, घराकडे तोंड करून. त्या बघते आणि पुन्हा आत जाऊन बसते."

मानसी खाली बघू लागली. रोज सकाळी ती त्याच चपलांभोवती झाडू फिरवत होती. उचलून फिरवल्या मात्र नव्हत्या!

किशोर उठून पायरीवर गेला. इस्त्रीच्या शर्टानिशी वाकला, रुमालाने चपलांवरची धूळ पुसली आणि त्या रस्त्याकडे वळवून ठेवल्या.

"आई, मारुतीपर्यंत येतेस?"

"आत्ता? आणि तुझं ऑफिस?"

"राहू दे ऑफिस."

पद्मावतीबाई भिंतीला धरून दारापर्यंत आल्या. क्षणभर थांबल्या. मग पाय सरकवला.

"साब, ये?" टेम्पोवाल्याने फ्रिजकडे बोट केलं.

"वापस ले जाव," किशोर म्हणाला. त्याचा हात आईच्या हातात होता.

वाचकहो, आपलं फ्रिजशी वैर नाही. पण वस्तू दारात उतरवली की आपलं कर्तव्य संपलं, असं कुणी सांगू लागलं, तर मानसीसारखे दारात आडवे उभे राहा. लोक काय म्हणायचं ते म्हणोत! आपलं माणूस नेमकं कुठे अडतंय, ते जरा वाकून बघा. वाकायला पैसे पडत नाहीत. पण ते माणूस असेपर्यंतच वाकता येतं.