डाव्या पारड्यातलं कुंकू

मी प्रयोगशाळेतला तराजू बोलतोय. प्रयोगशाळा म्हणजे काचेचं एक कपाट, आणि त्याला कुलूप.

नाशिकच्या मेन रोडवरून मला पेठकडच्या या शाळेत आणलं ते सुमेधाबाईंनी. बाई मोठ्या विचित्र. उत्तर माहीत असून सांगायच्या नाहीत! सहावीच्या मुलांपुढे आठ सारख्या गोट्या ठेवून म्हणाल्या, "यातली एक जड आहे. तराजू दोनदाच वापरायचा. शोधा." सगळ्यांनी चार-चार घातल्या आणि अडकले. बाई आपल्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मला त्यांचा रागच आला होता.

मग रोशनी उठली. "बाई, समद्या कशाला ठेवायच्या? तीन-तीन ठेवू, दोन माझ्या हातात."

माझी पारडी सारखी राहिली तर जड गोटी तिच्या हातात. नाहीतर खाली गेलेल्या तिघींत. त्यातल्या कोणत्याही दोन तोलल्या की सापडलीच. बाईंनी एवढंच विचारलं, "कसं सुचलं गं?" पोर किती तरी वेळ सांगत होती. जन्माला आल्याचं सार्थक झालं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

पुढे बाईंची मनमाडला बदली झाली आणि दिनेश सर आले. माणूस वाईट नाही, घाबरट आहे. वस्तू मोडली तर जबाबदार कोण, म्हणून मी कपाटात. खंडेनवमीला तेवढा बाहेर काढतात. यंदा झेंडू वाहिला, ओलं कुंकू लावलं. ते डाव्या पारड्यात जाड थरानं वाळून बसलं.

फुलं काढल्यावर रोशनीनं विचारलं, "सर, काय ठेवलं नाय, तरी डावं खाली का हाय?" आणि कुंकू खरवडायला नख लावलं. अगदी नेमक्या जागी! सरांनी हातावर पट्टी मारली.

"पूजेच्या वस्तूला नख लावतेस? लिहून घे. रिकाम्या तराजूची पारडी समतोल असतात."

तिनं लिहून घेतलं. डोळे पुसत लिहिलं.

परवा तपासणीला साहेब आले. मला टेबलावर मांडलं, तसाच डावीकडे झुकलेला. साहेब म्हणाले, "बाळ, हा तराजू बघून सांग, पारडी कशी आहेत?"

रोशनी उभी राहिली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"समतोल आहेत, सर."

"शाब्बास!" साहेबांनीही पाहिलं नाही. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कधी या शाळेत आलात तर मला पुसू नका. किल्ली तेवढी मागून घ्या, रोशनीला माझ्यासमोर उभं करा, आणि तिनं नख पुढे केलं तर तिचा हात धरू नका.