सिंधी मंडळाचं पत्र

निर्वासितांच्या सिंधी मंडळाच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. फाळणीनंतर नगरला आलेल्या त्यांच्या बायकांना मराठी शिकायची होती. त्यासाठी माझ्यासारखा भिडस्त, ख्रिस्ती, निवृत्त मास्तर कशाला? माझी सही घेऊन कशात तरी अडकवतील, असं वाटलं.

शेवटी मंडळाच्या पोपटीबाई स्वतःच आल्या.

"मास्तरजी, आमच्या बायकांनापण तुमचा शक आहे. म्हणतात, हा बाटवेल."

माझी बायको लिडिया हसली. "हे? लग्नानंतर माझ्याशी बोलायला यांना वर्ष लागलं!"

"मग हेच पाहिजेत. आमचा पापडाचा दलाल फार बोलतो. पापड आम्ही लाटतो, बाजारात भाव तो सांगतो."

त्या गेल्यावरही माझी खात्री पटेना. तरी कार्ड लिहिलं : 'बुधवारी येतो. आधी भाव सांगायला शिकवीन. बायबल आणणार नाही. तुम्हीही सहीचा कागद आणू नका.'

पुन्हा एकदा वाचून ते टपालपेटीत टाकलं.